न उघडता जाळलेली चिठ्ठी

मिस्त्रीने आपलं नाव मागे घेतलं, तेव्हा सगळ्या मंडळीने त्याच्या नम्रतेचं कौतुक केलं. मी मात्र बाकावर बसल्या बसल्या घामाघूम झालो. शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, पित्त झालंय. पित्ताच्या नावावर मी आयुष्यात बरंच काही खपवलंय.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. छापखान्याच्या वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली, सहा बाकं, साठेक माणसं. पगारी पाळक आम्हाला नाही. आमच्यातलाच एक जण आम्ही 'वडील' म्हणून नेमतो. तोच उपदेश करतो, आजाऱ्यांच्या उशाशी बसतो, भांडणं मिटवतो. आणि तो नेमायची आमची एक रीत आहे. मंडळीने दोन नावं सुचवायची, प्रार्थना करायची, आणि मग चिठ्ठ्या टाकायच्या. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या रिकाम्या जागी माणूस नेमताना प्रेषितांनी असंच केलं होतं, म्हणून आम्हीही करतो. नावं माणसांनी द्यायची, निवड देवाने करायची. मंडळीतलं सगळ्यात वयस्कर माणूस एक चिठ्ठी उचलतं. दुसरी न उघडता तिथल्या तिथे जाळायची, कारण ती उघडली की कोणीतरी हरल्यासारखं दिसतं, आणि देवासमोर कोणी हरत नाही असं आमच्या आधीच्या पिढीचं म्हणणं होतं.

चिठ्ठ्या लिहिण्याचं काम माझं. मी पाट्या रंगवतो, म्हणजे रंगवायचो. आता दुकानदार छापील फलक लावतात आणि मी लोकांच्या भिंती रंगवतो. अक्षर मात्र अजून तसंच आहे.

नऊ वर्षांपूर्वी दोन नावं आली होती. एक माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेचे मुख्याध्यापक. बोलायला लागले की वर्गातला शेवटच्या बाकावरचासुद्धा जागा व्हायचा. दुसरा मिस्त्री, माझा लहानपणापासूनचा दोस्त, शिलाई मशीन दुरुस्त करणारा. स्वभावाने सोनं, पण बोलताना अडखळतो. 'प' आणि 'ब' त्याला सहज सुटत नाहीत. प्रभू म्हणायचं तरी बिचाऱ्याला तीन वेळा उसळी मारावी लागते. तरी तो आजाऱ्यांकडे जायचा, त्यांचा हात धरून मोठ्याने प्रार्थना करायचा, आणि लोक त्याला पुन्हा बोलवायचे. हे मला दिसत होतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मला वाटलं ते असं: मंडळी तेव्हा फुटायच्या बेतात होती. चार घरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. अशा वेळी उभं राहून ठणकावणारा माणूस हवा. देव सर्वसत्ताधीश आहे, त्याच्या इच्छेशिवाय पानही हलत नाही, हे मी सहा वर्षांचा असल्यापासून पाठ म्हणत आलोय. पण त्या शनिवारी मला वाटलं, ही एक गोष्ट त्याच्यावर सोपवून चालायचं नाही.

हात घसरला वगैरे काही नाही. मी जेवणाच्या टेबलावर दोन सारखे कागद कापले, एकावर दाजींचं नाव लिहिलं, दुसरा पुढे ओढला, दोन मिनिटं थांबलो आणि त्यावरही दाजींचंच नाव लिहिलं. वर वेलांटी सुबक आली म्हणून खूशही झालो.

दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर नर्समावशींनी चिठ्ठी उचलली. चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई, तिच्या हातून काही लबाडी होणं शक्यच नव्हतं. लबाडी तिच्या हातात येण्याआधीच उरकली होती. दाजींचं नाव वाचलं गेलं, सगळे आमेन म्हणाले. उरलेली चिठ्ठी मी बशीत जाळली. सगळ्यात आधी दाजींना मिठी मारली ती मिस्त्रीने.

आणि दाजींनी काम चांगलं केलं, हीच तर पंचाईत झाली. चार घरं पुन्हा एकत्र बसू लागली, गळकं छत दुरुस्त झालं, तरुण पोरं टिकली. दर वर्षी मी स्वतःला सांगायचो, बघ, देवाच्या मनात हेच होतं, आपण फक्त निमित्त झालो. फार सोयीचं असतं हे. करताना आपली अक्कल, आणि पचलं की देवाची इच्छा.

आता दाजी सत्तर वर्षांचे झाले. सत्तरीला वडिलाने उतरायचं असं आमच्यात ठरलेलं आहे. त्या रविवारी नवी नावं घ्यायला बसलो, आणि नर्समावशींनी पहिलं नाव मिस्त्रीचं घेतलं. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मिस्त्री शेवटच्या बाकावरून उठला.

"माझं नाव न-नको," तो म्हणाला. "देवाने मला एकदा नाही म्हटलंय. प-परत विचारायचं म्हणजे त्याची प-परीक्षा बघणं."

खाली बसला. झालं.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. नऊ वर्षं हा शेवटच्या बाकावर बसतो, पुढे येऊन प्रार्थना करत नाही, आजाऱ्यांकडे गेला तर फळं ठेवून परततो. मी समजत होतो, रुसलाय. दोनदा तर मी त्याला टोमणाही मारला होता, की एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. देवाने त्याला नाही म्हटलंच नव्हतं. त्याचं नाव देवासमोर गेलंच नव्हतं.

उपासना संपल्यावर दाजींनी मला जिन्यात गाठलं. "तू मिस्त्रीची समजूत काढ. तुझं ऐकेल तो. पुढच्या रविवारी चिठ्ठ्या टाकायच्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला म्हणून सांगतो, त्या वेळी त्याचं नाव निघावं अशी माझी प्रार्थना होती. मला भीती वाटत होती रे. पण निघालं माझं. मग म्हटलं, आता काय, मान तुकवायची."

मी "बघतो" म्हणालो. त्यांच्या तोंडावर सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. त्यांनी नऊ वर्षं ज्याच्यापुढे मान तुकवली तो मी होतो, हे जिन्यात कसं सांगायचं?

दोन दिवस मी भिंती रंगवल्या आणि मनात वाटाघाटी केल्या. आता सांगून कोणाचं भलं होणार? दाजींच्या कामावर पाणी फिरेल. बहीण माझं तोंड बघणार नाही. साठ माणसं विचारतील, मग यापूर्वीच्या चिठ्ठ्यांचं काय? न सांगता नुसतीच त्याची समजूत काढली तर? 'देव मन बदलतो' असं काहीतरी सांगून? एवढं सुचलं आणि मला माझीच किळस आली. पहिल्यांदा देवाचं काम मी केलं होतं, आता त्याच्या तोंडी शब्दही मीच घालणार होतो.

बुधवारी दुपारी त्याच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरलं. भिंतीला टेकून पायमशीनींची रांग, पट्टे खिळ्याला टांगलेले, बाटलीत सुया. त्याने एका जुन्या मशीनचं डोकं उलटं करून ठेवलं होतं आणि चिमट्याने कापड सरकवणाऱ्या दातऱ्यातला दोऱ्याचा गुंता काढत होता.

"ये पेंटर," तो म्हणाला. "दाजींनी प-पाठवलं ना? उगाच आलास. मी नाही म्हणजे नाही."

"त्यासाठी नाही आलो."

"मग चहा घे."

"चहा नको. आधी ऐक." मी स्टुलावर बसलो नाही. बसलो असतो तर गप्पा मारून परत गेलो असतो. "नऊ वर्षांपूर्वी चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या."

"तूच लिहितोस नेहमी."

"दोन्हींवर दाजींचंच नाव होतं. तुझं मी लिहिलंच नाही. जाळली तीही दाजींचीच."

चिमटा थांबला. बाहेर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होईना. मी भडाभडा बोलत सुटलो. मंडळी फुटत होती, मला वाटलं तुझं बोलणं लोक ऐकणार नाहीत, माझी अक्कल शेण खायला गेली होती, मी देवाला मदत करायला निघालो होतो, मला माफ कर. सगळं एका दमात. नऊ वर्षं साठवलेलं बोलायला पुरतं एक मिनिटही लागलं नाही.

"म्हणजे," तो हळू म्हणाला, "मी देवाचं ऐकत होतो असं समजत होतो. ऐकत होतो तुझं."

मी मान खाली घातली. त्याने त्या चिमट्याने मला हाणलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तुझी वहिनी गेली तेव्हाचं सांगतो तुला," तो म्हणाला. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. चार वर्षांपूर्वी ती आजारात गेली. "पहाटेपासून तिचा श्वास अडकत होता. मला म्हणाली, तुम्ही प-प्रार्थना करा. मी म्हटलं, थांब, दाजींना निरोप धाडलाय, ते करतील. ती म्हणाली, दाजी नको, तुम्ही. मी म्हटलं, माझा आवाज देवाला नकोय ग, त्याने सांगितलंय तसं. ती बघत राहिली माझ्याकडे. दाजी आले तेव्हा ती गेली होती. दाजींची चूक नाही, ते प-पळतच आले होते."

मला तोपर्यंत वाटत होतं की मी एका माणसाचा मान चोरला. मान परत देता येतो, सभेत उभं राहून माफी मागता येते. ती पहाट मी कुठून आणून देणार होतो?

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. नाही वगैरे म्हणाला नाही.

त्याने कापडाने बोटांचं तेल पुसलं, एकेक बोट नीट.

"रविवारी उभा राहून हे सगळ्यांना सांगशील?"

"सांगेन. दाजींना आजच सांगतो. आणि तुझं नाव?"

"ते नंतर बघू. आधी एक काम राहिलंय माझं."

त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि उलट्या मशीनवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले. त्याला काय करायचंय ते मला कळलं. मी निघून जायला हवं होतं. पण दाराच्या वाटेत तोच उभा होता.

"प..." तो म्हणाला. "प... प..."

लहानपणापासून त्याचा शब्द अडला की तो पुरवायची मला खोड होती. मी ओठ घट्ट मिटून घेतले. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"पित्या," तो म्हणाला. "तिला श्वास घेता येत नाहीये. तिचा हात मी ध-धरलाय. तिला भीती वाटू देऊ नकोस. मी इथेच आहे. तू तिला घेऊन जा. मी तिला सांगतो, ब... ब... बायको, जा आता."

एवढंच बोलला. मग थांबला, डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून रडत होतो.

"आमेन म्हण," तो म्हणाला.

मी म्हणालो. आवाज फुटला नाही, म्हणून त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं.