‘आजी’ नावाचा पर्याय

ऑफिसात तिला सगळे ‘पंचनामा’ म्हणायचे, आणि तेही तोंडावर. दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासायला तिच्याकडे आला की ती स्वल्पविरामालाही सुखाने बसू देत नसे. असल्या बाईच्या टेबलावर त्या गुरुवारी सकाळी जो कोड येऊन पडला, तो तिच्या सख्ख्या वहिनीचा होता. नणंदेने वहिनीच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, यावर सकाळपासून ऑफिसात खसखस पिकत होती.

वहिनी सहा वर्षं मुलांपायी घरी होती. आता तीन महिन्यांच्या बोलीवर पुन्हा कामाला लागली होती, आणि ते तीन महिने उद्या संपत होते. साहेबांचा नियम सरळ होता. या मुदतीतलं मोठं काम रिव्ह्यूतून, म्हणजे तपासणीतून, परत आलं नाही, तर नोकरी कायम. तिच्यासाठी शब्द टाकला होता पंचनामानेच. त्यामुळे दर पाच मिनिटांनी तीच घड्याळ बघत होती, वहिनी मात्र शांतपणे बाटलीतलं पाणी पीत होती.

काम होतं शोधाच्या खिडकीचं. त्यांचं सॉफ्टवेअर वृद्धाश्रमांत चालायचं. तिथल्या परिचारिका रोजच्या नोंदी लिहायच्या आणि हवं ते त्यातून शोधायच्या. आत रेग्युलर एक्स्प्रेशन होती, म्हणजे नेमकं काय शोधायचं ते यंत्राला सांगायची खुणांची भाषा. जुन्या कोडात प्रत्येक शोधापुढे सहा पर्यायांची नुसती उत्तरं ओळीने उभी केलेली: हो, नाही, नाही, हो, नाही, हो. यातलं तिसरं ‘नाही’ कशाला, असं विचारलं असतं तर साहेबांसकट सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं असतं. वहिनीने त्या गर्दीला नावं देऊन एका संचात नीट बसवलं होतं. ‘फक्त पूर्ण शब्द शोधा’, ‘लहान-मोठी अक्षरं सारखीच धरा’, ‘एका ओळीवरून दुसरीवर जाऊ द्या’. वाचताना पंचनामाला मनापासून बरं वाटलं. कोड बरोबर चालतो का ते बघणाऱ्या टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास होत्या. आता फक्त ‘मंजूर’ दाबायचं.

पण जुने पर्याय होते सहा, नवे पाचच. गाळलेल्या सहाव्याला जुन्या कोडात आत कुठेतरी नाव दिलेलं होतं, ‘आजी’.

‘‘वहिनी, हे आजी काय प्रकरण आहे?’’ तिने टेबलावरूनच विचारलं.

‘‘काय माहीत! चालू ठेवलं काय, बंद केलं काय, टेस्टमध्ये काडीचा फरक नाही. म्हटलं, कुणीतरी गंमत केली असेल. काढून टाकलं.’’

उत्तर पटण्यासारखं होतं. शहाण्या नणंदेने तिथेच थांबायला हवं होतं. पण पंचनामाच्या डोक्यात एकदा भुंगा शिरला की तो बाहेर येत नसे. कोडात कुणी आजीचं नाव का घालेल? लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता, आणि जाताना टीप म्हणून एक अक्षर ठेवलं नव्हतं. आजीच का? आत्या का नाही, मावशी का नाही?

तिने टेस्ट उघडल्या. सगळे शब्द इंग्रजी! तिने कपाळाला हात लावला. मग नमुन्याच्या मराठी नोंदी घेतल्या, जुना कोड डावीकडे आणि नवा उजवीकडे चालू केला आणि सुचेल ते शोधत बसली. ‘ताप’ दोन्हीकडे सारखा. ‘झोप’ सारखी. जेवायची वेळ झाली तरी ती उठली नाही. मग तिने ‘फक्त पूर्ण शब्द’ लावून साधा ‘आज’ टाकला. डावीकडे एक्केचाळीस नोंदी, उजवीकडे एकशे बारा.

तिने उजवीकडच्या नोंदी वाचल्या आणि एकटीच मोठ्याने हसली. ‘आजी जेवल्या नाहीत.’ ‘आजोबा चिडले.’ ‘आजारी वाटतात.’ यंत्र मात्रेला, वेलांटीला, कान्याला अक्षरच समजत नव्हतं. त्याच्या लेखी ‘आजी’ मधला शब्द ‘ज’ वरच संपत होता. पुढची वेलांटी म्हणजे जणू पूर्णविराम. ‘आज’ शोधताना आजी सापडते, ही खोड मोडायला कुणीतरी तो पर्याय लिहिला होता, आणि खोडीचंच नाव त्याला दिलं होतं. पंचनामाला इतका आनंद झाला की उठून कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

सांगायचं कुणाला, तर समोर बसलेल्या वहिनीला. मग मात्र तिचं हसू मावळलं. काम परत पाठवायला हवं होतं.

एक पळवाट होती. वगळलेल्या दोन ओळी आपणच गुपचूप परत घालायच्या आणि मंजुरी द्यायची. कुणाला पत्ताही लागला नसता. आयुष्यात न केलेली गोष्ट करायला तिचा हात पुढे झाला, एवढ्यात वहिनी पाठीमागे येऊन उभी राहिली.

‘‘एकशे बारा? एवढ्या कशा?’’

‘‘अगं, ते—’’

‘‘थांब, सांगू नकोस.’’ वहिनीने शेजारची खुर्ची ओढली. तीही त्याच घरातली. भुंगा तिलाही लागला. तिने नोंदी वाचल्या, ओठ हलवत दोन-तीन शब्द उच्चारून पाहिले आणि टेबलावर थाप मारली. ‘‘वेलांटी! ती मोजतच नाहीये!’’ मग ती अजूनच पुढे सरकली. ‘‘मग अनुस्वार? तो तरी मोजतो का?’’

तिने ‘औषध’ टाकलं. दोन्हीकडे ‘औषधं’ सापडली. जुन्या माणसाने कान्या-मात्रांची यादी केली होती, पण अनुस्वार विसरला होता. म्हणजे जुना कोडही चुकतच होता, इतकी वर्षं, आणि कुणाला कळलं नव्हतं.

‘‘वहिनी, ऐक,’’ पंचनामा हळू आवाजात म्हणाली. ‘‘आपण दोघी आत्ताच दुरुस्त करू. परत आलं होतं असं कुठे दिसायलाच नको.’’

‘‘आणि कारण कुठे लिहायचं?’’

‘‘कसलं कारण?’’

‘‘परत का आलं त्याचं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं म्हणून तर मी पुसलं ना? उद्या माझ्यासारखी दुसरी कुणी येईल, गंमत समजून पुन्हा पुसेल.’’ वहिनीने माउस तिच्या हातात दिला. ‘‘वन्सं, पाठवा परत.’’ वन्सं ती फक्त चिडवायला म्हणायची, पण आता ती चिडवत नव्हती.

पंचनामाने काम परत पाठवलं. कारणाच्या रकान्यात वहिनीने सांगितलं तसं, आजीपासून अनुस्वारापर्यंत, सगळं लिहिलं. साडेतीनला दुरुस्त काम पुन्हा आलं, या वेळी मराठी टेस्टसकट, आणि मंजूर झालं. चारला साहेबांनी वहिनीला आत बोलावलं. त्यांनी कारण दोनदा वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, ‘‘काम उत्तम आहे. पण नियम तुमच्यापुरता बदलला तर उद्या सगळे रांगेत उभे राहतील. कायम करायचं पुन्हा तीन महिन्यांनी बघू.’’

जिन्यात पंचनामाला राहवलं नाही. ‘‘माझंच चुकलं. गप्प बसले असते तर आज तुझं काम झालं असतं. दादाला काय सांगशील?’’

‘‘परत आलं म्हणून सांगेन.’’ वहिनी दोन पायऱ्या खाली उतरली आणि थांबली. ‘‘सहा वर्षं घरी सगळे माझ्या चुका काढतच होते गं. मूल बारीक का, घर असं का, तू अशी का. एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. आज पहिल्यांदा अशी चूक निघाली की जिचं उत्तर मला सापडलं.’’

पंचनामाने वहिनीच्या खांद्यावरची जड पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली, आणि वहिनीने ती घेऊ दिली.