पक्का पिवळा

एक लिंबू, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.

उताराच्या पायथ्याशी कापसाच्या अकरा गाड्या. बैल जुंपलेलेच.

पत्र्याच्या पेटीत रंगाची एक पुडी. लढाई लागल्यापासून तसली विलायती पुडी कारंजात कुणी पाहिली नव्हती.

शर्यतीत पिवळा म्हणजे, सगळ्या दिवसांचा मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो. लाल म्हणजे सर्वांत मागे राहिलेला.

"पाणी खराब हाये."

*

पाण्याला दोष देणारा हा जमशेद, कारंजातला रंगारी. त्या हिवाळ्यात चार दिवसांची सायकल शर्यत निघाली. रिसोडहून शिरपूर, शिरपूरहून कारंजा, मग मंगरूळपीर, शेवटी वाशीम. सदरे रंगवायचं काम जमशेदकडे आलं. समितीने कुठून कुठून शोधून दोन पुड्या आणून दिल्या, एक लाल, एक पिवळी.

लाल त्याने वापरली. पिवळी पेटीत टाकून कुलूप लावलं आणि पिवळा सदरा हळदीत उकळून काढला.

धाकटा भाऊ सैफुद्दीन शर्यतीत होता ना! वाशीमला तोच पहिला येणार, यात जमशेदला तिळभर शंका नव्हती. भावाच्या अंगावर जो पिवळा चढेल तो जन्मभर उतरायला नको. बाकीच्यांना दोन दिवस हळद पुरे. समितीला मात्र त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "रंग पक्का हाये."

वर तोच रंगांच्या चिंध्या घेऊन रस्त्याने हिंडला. मंगरूळच्या वाटेवर, सात मैलांवरच्या उताराशी, शर्यतीपुरत्या कापसाच्या गाड्या थांबवून धरायचं गाडीवान मारोतरावाने कबूल केलं होतं. त्याला चिंध्या दाखवून जमशेद म्हणाला, "पिवळा आला का शर्यत आली. लाल गेला का संपली. मंग सोडा गाड्या."

"अन् हिरवा?"

"हिरवा तुह्या बैलाले. चारा."

गाडीवान हसले. चिंध्या मारोतरावाने जुवाला बांधून ठेवल्या.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारंजात पिवळा सदरा शिरला तो सेवादासच्या अंगावर. सैफुद्दीन पांढऱ्या सदऱ्यात, दीड मिनिट मागे. सेवादासचा सदरा धुळीने मातकट झाला होता. ज्यांच्या घरी सेवादास उतरला त्यांनी सदरा रंगूबाई परटिणीकडे दिला. पाहुण्याचा सदरा म्हणून तिने सोडा जरा सढळ हाताने घातला.

सकाळी सदरा लाल.

रंगूबाई तो घेऊन थेट जमशेदच्या दारात आली. "सोडा घातला अन् असा झाला. हळद तं नसन ना, जमशेदभाऊ? हळदच अशी लाल होते."

"पाणी खराब हाये," जमशेद म्हणाला.

"वीस वर्सं त्याच पाण्यात धुवून राह्यली मी."

सदरा ओट्यावर टाकून ती निघून गेली. आतून जैतुनबी, त्याची बायको, लिंबू घेऊन बाहेर आली. "पिळा. दोन घटकांत पिवळा होईन."

"अन् हळद हाये हे साऱ्या गावाले सांगू? पुडी कोठी गेली म्हणून इचारतील. सैफूले शर्यतीतून हाकलतील."

"मंग पेटीतला काढा."

पेटीतला सदरा, सैफूसाठीचा, काल रात्रीच त्या पुडीत रंगून वाळला होता. तो सेवादासला द्यायचा?

जैतुनबीने लिंबू पुढे धरलं ते धरलंच. जमशेदने लाल सदरा घडी करून काखेत मारला आणि तो चालू लागला.

*

समितीचे उकंडराव मोटारीच्या पायरीवर उभे होते. सदरा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "जमशेद, पहिल्याले लाल नेसवून राह्यला? पोराचं लगन लावतं का?"

लोक खिदळले. सेवादास म्हणाला, "माह्यावाला येळ तं लाल नाही झाला ना, मालक? द्या हिकडं." आणि त्याने सदरा अंगात घातला.

"पाण्याचा दोष, साहेब. रंग पक्का हाये."

सगळ्यांच्या मागे शेवटच्या नंबराचा रूपला उभा होता, त्याच्याही अंगावर लाल. दोन लाल, पिवळा एकही नाही. त्या क्षणी जमशेदला गाड्या आठवल्या. तोंड उघडलंही त्याने. पण गाड्यांचं काढलं की सदऱ्याचं निघणार, सदऱ्याचं निघालं की पुडीचं. आणि मारोतराव काय एवढा खुळा आहे? पहिलाच आलेला माणूस शेवटचा कसा असेल?

सैफुद्दीनने पायडलवर पाय ठेवत विचारलं, "भाईजान, कायले घाबरून राह्यले? आज मी त्याले गाठतो."

शिट्टी झाली.

*

दुपारी गाडी दारात आली. कापूस उतरवून त्या जागी घोंगडी अंथरली होती. घोंगडीवर सैफुद्दीन. उतारावरच्या वळणाशी गाडीचं जू त्याच्या छातीत बसलं होतं. श्वास उताराशीच थांबला होता.

मारोतराव गाडीतून खाली उतरला नाही. तिथूनच बोलला.

"तूच सांगितलं होतं. लाल गेला का सोडा. लाल गेला, आमी सोडल्या. सकाळधरनं बैल जुंपलेले, घाई होती." कासरा हातात गोळा करत तो म्हणाला, "मागून आखीन एक लाल आला. तवा समजलं."

जुवाला चिंध्या अजून बांधलेल्या होत्या. पिवळी चिंधी हळदीतलीच.

जैतुनबीने जमशेदच्या कमरेची किल्ली ओढून घेतली. पेटी उघडली. पक्का पिवळा सदरा काढून तिने नवऱ्याच्या पुढ्यात टाकला.

"घाला आता त्याले."

जमशेदने सदरा उचलला. छातीजवळचं रक्त पुसायला तोच पुढे केला, आणि पुसत राहिला. पाणी आणलं, पिळला, पुन्हा पुसलं. पाणी लाल होत गेलं. पिवळा जरासुद्धा उतरला नाही.

लिंबू जैतुनबीने आदल्या संध्याकाळी आणलं होतं, सैफुद्दीनच्या सरबतासाठी.