शेवटचे पाचशे बेल

“तीन दळं शाबूत बघूनच पान ठेव, शामला. किडकं-फाटकं महादेवाला चालायचं नाही. आणि लाखोली मोडू नकोस.”

आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी बेल खुडताना शामलाला हा आवाज ऐकू येई. लाख बेल वाहायचा आईचा नेम अर्ध्यावर राहिला. जाताना तिनं वाटणी केली: शिवलिंग थोरल्या मंदाताईकडे, श्योपुरला, दौलतगंजच्या राहत्या घराच्या अंगणातलं बेलाचं झाड शामलाकडे. एकीनं खुडायचं, दुसरीनं वाहायचं. पण बेल याच झाडाचा. दोघींनी आईच्या हातावर हात ठेवून कबूल केलं होतं.

तेव्हा मध्यभारत सरकारनं आडगावांसाठी एक छोटं विमान चालवलं होतं. सहा खुर्च्या, भाडं थोडं, रिकाम्या खुर्चीचा भार सरकारवर. दर शुक्रवारी शामला पाचशे बेल ओल्या फडक्यात गुंडाळून टोपली विमानतळावर पोचवायला जाई. तिथले कारकून मुकुंदराव दाल बाजारातून आणलेल्या मोठ्या तराजूवर सामानाबरोबर माणसंही तोलत.

“शेठजी, लाडवांचा डबा तरी उतरवा, नाहीतर पोट!” असं म्हणत ते शामलाकडे वळत. “वहिनी, उपास करून-करून तुम्ही अशा झालात, की टोपलीत बसवून पाठवलं तरी काटा हलायचा नाही!”

शामला पदरात हसे. टोपली चढली, विमान डोक्यावरून श्योपुरकडे वळलं, की मगच घरी येऊन ती दिवसाचं पहिलं पाणी पिई.

छप्पन सालच्या कार्तिकात मध्यभारत नव्या प्रांतात विलीन झाला, राजधानी भोपाळला गेली आणि विमान थांबलं.

“खाली खुर्चीचे पैसे आता कोण देणार, वहिनी?” मुकुंदरावांनी रिकाम्या तराजूवर कापड टाकलं. “भोपाळला विचारावं लागेल, और वहाँ हमारी सुनता कौन है?”

लाखोलीला नेमके पाचशे बेल कमी होते. वैकुंठ चतुर्दशीला मंदाताईकडे उद्यापन होतं. महिनाअखेर शामलाचंही घर हलायचं होतं; तिच्या यजमानांचं, शरच्चंद्रांचं, सरकारी दफ्तर भोपाळला निघालं होतं. मग झाडही सुटणार.

“टोपली श्योपुरच्या छोट्या लाइनच्या रेल्वेगार्डाकडे दे ना,” कागदांचे गठ्ठे बांधता बांधता शरच्चंद्र म्हणाले. “बेल काही शिळा होत नाही.”

“बेल होत नाही. पण तो टोपली कुठं ठेवील, कशावर ठेवील? आईला काय सांगू?”

“अगं, पूर्ण दिवस हचके खात जाते ती गाडी. एकटी तू विमानतळापलीकडे गेली नाहीस कधी. आणि मला तर सुट्टी मिळून नाही राहिली.”

“तुम्ही तुमचे गठ्ठे बांधा,” ती हळूच म्हणाली. “भाकरी झाकून ठेवते.”

चतुर्दशीला बेल खुडत नाहीत, म्हणून त्रयोदशीच्या पहाटेच तिनं फांदी वाकवली. दळं बघत पाचशे मोजले. फडकं भिजवून पिळलं. रिकाम्या आभाळाकडे एकदा बघून भरलेलं पाण्याचं भांडं तसंच झाकलं. पाणी आता ताईच्या दारात. मग टोपली कडेवर घेतली, कडी न वाजवता लावली आणि छोट्या लाइनच्या स्टेशनाची वाट धरली.