धावून आलेली माणसं

वहिनीनं विळ्यांचं गाठोडं माझ्या ऐरणीपाशी आपटलं, तेव्हा मला वाटलं भांडायलाच आली. गाठोड्यात गावभरातून मागून आणलेले विळे होते. कुणाची मूठ मोडलेली, कुणाला इतका गंज की त्यानं लोणीसुद्धा कापलं नसतं.

"सगळ्यांना धार लाव," ती म्हणाली. "उद्या सकाळी पाहिजेत."

"दरोडा घालायचाय का कुठं?"

"गहू कापायचाय. उद्या माझ्यासाठी माणसं धावून येणारेत. शहरातली. शंभर-दोनशे तरी असतील."

मी भात्यावरचा हात काढला. वहिनीचा नवरा माझा दोस्त होता. गेल्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. मागं राहिली ही, हिची अर्धी बहिरी सासू आणि ओढ्याकडं उतरत गेलेलं शेत. त्या उतारावर यंत्र कलंडतं, म्हणून गहू विळ्यानंच कापायचा. गहू पार पिकून खडखडत होता आणि मावळतीला काळे ढग येऊन बसले होते. दोघी सासू-सुनांचं वर्षाचं खाणं त्या एका तुकड्यात उभं होतं. ते पावसात सापडलं की संपलं.

"अगं, पण उद्या तर मुकादमाची टोळी येणार होती ना तुझ्याकडं?"

"त्याला सांगितलं, लागत नाही म्हणून. गेला सरपंचाच्या मळ्यात."

मग तिनं सगळं सांगितलं. शहरातला एक टोपीवाला गाडी घेऊन आला होता. एकट्या पडलेल्या, शेती करणाऱ्या बायांसाठी त्यांची संस्था आहे म्हणे. त्यानं हिचा फोटो काढला आणि म्हणाला, काकू, रविवारी आमची माणसं तुमच्यासाठी धावणार. हिनं विचारलं, किती वाजता येतील? तो म्हणाला, दहापर्यंत तुमच्या बांधावर. ही म्हणाली, दहाला ऊन होतं हो. तो म्हणाला, उन्हाची त्यांना सवय आहे. ही म्हणाली, सामान आणतील ना आपापलं? तो म्हणाला, त्यांना काही लागत नाही, फक्त पाणी ठेवा.

"बिचाऱ्यांकडं विळे कुठले असणार," वहिनी म्हणाली. "म्हणून गोळा केले."

माझ्याही डोक्यात काही आलं नाही. आमच्याकडं माणूस धावून येतो तो एकतर मदतीला, नाहीतर अंगावर. नुसतंच धावत येऊन पुढं जाणारा आम्ही कधी पाहिला नव्हता.

"खरंच येतील ना गं?" मी तेवढं विचारलं.

"गावातलं कोण आलं होतं, सांग. हे गेले तेव्हा पेरणी अर्धी राहिली होती. ज्याच्या-त्याच्या घरी त्याच आठवड्यात काम निघालं. आता बघू दे म्हणावं, मलाही माणसं आहेत."

बोलणं खोटं नव्हतं. आमचं गाव मयताला जमतं आणि कामाला पांगतं. मी पुन्हा भात्याला हात घातला.

सकाळी विळे पोचवायला गेलो तर अंगणात चूल मांडलेली. मोठ्या पातेल्यात डाळ शिजत होती, शेजारी भाताचं पातेलं. सासूबाई जात्यासारख्या एका जागी बसून सुनेवर ओरडत होत्या.

"एवढा स्वयंपाक कशाला? कोण मेलंय?"

"माणसं धावून येणारेत, आत्या!" वहिनी त्यांच्या कानाशी ओरडली.

"माणूस धावतो कधी? आग लागली की, नाहीतर बैल सुटला की! आपला बैल तर विकला!"

"मदतीला येणारेत, मदतीला!"

"मग चालत यायला काय होतं त्यांना?" म्हातारी म्हणाली. सगळ्या गावात तेवढी एकच शहाणी निघाली, आणि तिचं कुणी ऐकलं नाही.

बांधावर वहिनीनं विळे ओळीनं मांडले, मुठी रस्त्याकडं करून, आल्याबरोबर हातात घ्यायला सोपे पडावेत म्हणून. पाण्याचे हंडे भरून ठेवले. पेंढ्या बांधायला दोऱ्या भिजवून ठेवल्या. हवा कोंदटली होती, पान हलत नव्हतं. लोकांनाही बातमी लागलेली, तेही रस्त्याकडेला येऊन बसले. फुकटचा तमाशा आमचं गाव सोडत नाही.

आणि माणसं आली. खरंच धावत आली. एका रंगाचे सदरे, पायांत फुलाफुलांचे बूट, आणि प्रत्येकाच्या छातीवर वहिनीचा फोटो. तिनं तो पाहिला आणि तोंडाला पदर लावला. मला म्हणाली, "बघ रे, बघ." तिचे डोळे भरले होते. नवरा गेल्यावर तिला इतकी खूश मी पाहिली नव्हती.

माणसं हंड्यांवर तुटून पडली. थोडं प्यायली, बाकीचं डोक्यावर ओतलं. एक बाई वहिनीच्या गळ्यात पडून रडली. दोघांनी विळे उचलले. वहिनी पुढं झाली, पण त्यांनी विळे गालाला लावून फोटो काढले आणि परत ठेवले, तेही उलटे. एक जाडजूड गृहस्थ आडोसा बघत उभ्या गव्हात शिरला आणि आपलं काम उरकून नाडी आवळत बाहेर आला. तो गेला तेवढी वाट गव्हात आडवी झाली.

टोपीवाल्यानं वहिनीला पुढं घेतलं. "काकू, दोन शब्द बोला."

"बोलायचं काय त्यात?" वहिनी म्हणाली. "विळ्यांना धार लावलीय. खालच्या अंगानं सुरू करा. ढग उतरायच्या आत निम्मं तरी होईल. मग जेवायला बसू."

सगळे हसले. टाळ्याही वाजवल्या. गावकरी जास्त हसले, कारण त्यांना आता कळलं होतं. मलाही कळलं.

"काकू," टोपीवाला हळूच म्हणाला, "आम्ही कापायला नाही आलो. आम्ही धावतो."

"हो, धावत आलात ना? आता?"

"आता पुढं धावणार. धरणापर्यंत. तिथून बस आहे."

"मग माझ्या इथं का आलात?"

"तुमच्यासाठीच तर धावतोय सगळे!"

वहिनी त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती, हेच वाईट. लबाड असता तर तिला शिव्या तरी देता आल्या असत्या.

"जेवून तरी जा," शेवटी ती म्हणाली.

"धावताना जेवत नाहीत हो काकू. पोटात दुखतं." त्यानं एक चकचकीत पदक तिच्या गळ्यात घातलं, शिट्टी फुंकली, आणि आली तशी सगळी गेली. विळे तसेच राहिले.

मी सरपंचाच्या मळ्याकडं पळालो. मुकादम म्हणाला, "हातातलं काम टाकून कसा येऊ? आणि तिला शहरातली माणसं पाहिजे होती ना?" परत आलो तेव्हा वहिनी गव्हात वाकली होती. गळ्यात पदक तसंच. मी एक विळा घेतला. म्हातारी फरफटत आली आणि बसल्या जागेवरून हाताला येईल ते कापायला लागली. रस्त्याकडेची मंडळी आभाळाकडं बघत एकेक करून उठली. सगळ्यांना घरी काम निघालं.

चार पट्टे झाले असतील. मग वारा सुटला आणि गारा पडायला लागल्या. मी वहिनीला ओढत होतो झाडाखाली, आणि ती दोन्ही हातांनी गहू कवेत धरून बसली होती, जसा काय तो एका मिठीत मावणार होता. गारा थांबल्या तेव्हा शेत कुणी लाटून काढावं तसं सपाट झालं होतं. चुलीवरची डाळ पाण्यानं भरून वाहत होती.

चार दिवसांनी मी गेलो तर ती चिखलातून एकेक लोंबी उचलत होती. दुसऱ्याचं पीक निघाल्यावर गरिबानं सरवा वेचावा, तशी ती आपल्याच शेतात सरवा वेचत होती. पदक बुजगावण्याच्या गळ्यात होतं. पाखरं त्याच्या चमकेला बिचकत होती, तेवढा त्याचा उपयोग झाला.

तेवढ्यात टोपीवाल्याचा फोन मला आला; वहिनीनं त्याला माझाच नंबर दिला होता. गारांचं ऐकलं म्हणे, फार वाईट वाटलं. पुढच्या साली काकूंसाठी आणखी जोरात धावणार.

मी तिला सांगितलं. कंबर धरून ती उभी राहिली. "म्हणावं, धावू नका. वाकायला या."

मी तसंच्या तसं सांगितलं. पलीकडं त्यानं ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "वा! काय बोलल्या काकू!"

ते वर्ष तिनं सरपंचाच्या मळ्यात खुरपणी करून काढलं. मी तिला कधी रडताना पाहिलं नाही, पण ती माझ्याशीही फार बोलली नाही.

पुढच्या साली गहू पुन्हा पिकला. मुकादमाची टोळी तिनं आधीच सांगून ठेवली होती. कापणी निम्म्यावर आली असताना रस्त्यावर धपधप ऐकू आली. नवे सदरे, नवा रंग. छातीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं: 'धावू नका, वाकायला या.' खाली वहिनीचा फोटो. वाचायला मजा वाटत होती. सगळे हात हलवत धावत गेले.

एकजण मात्र बांधाशी थांबला. घामानं निथळत म्हणाला, "काकू, पाणी मिळेल?"

वहिनीनं मान वर केली नाही. विळा चालूच होता.

"विहिरीला आहे," ती म्हणाली. "वाकून ओढावं लागतं."