चाचे माणसं सोडतात

"मिस, समुद्री चाचे आणि दहशतवादी यांत फरक काय?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून नीलमनं ऐटीत विचारलं.

श्रीलक्ष्मी मिस म्हणाल्या, "स्वतःच्या फायद्यासाठी भर समुद्रात जहाज लुटतात ते चाचे. कुठलाही देश त्यांना धरून खटला चालवू शकतो. दहशतवाद राजकीय हेतूनं होतो, आणि त्याची सर्वमान्य व्याख्या अजून जगाला जमलेली नाही."

नीलम पैज विसरून खाली बसली. तीन वर्षांपूर्वी तिचा भाऊ संकेतदादा ज्यावर कामाला होता ते जहाज पळवणाऱ्यांनी खंडणी मागितलीच नव्हती, नुसत्या घोषणा दिल्या होत्या, आणि तेव्हापासून दादाची काहीच खबर नव्हती. तरी बाबा सगळ्या नुंगंबाक्कम वस्तीत सांगत फिरायचे, "चाचेच ते. चाचे माणसं सोडतात."

संध्याकाळी आई दादाचे शर्ट पुन्हा उन्हातून आत आणत होती.

"बाबा, ते चाचे नव्हते. तुम्हालाही ठाऊक आहे," नीलम म्हणाली. "या पितृपक्षात दादाचं श्राद्ध घालायचं. तुमच्यानं होत नसेल, तर मी घालणार."