सासूच्या नावाची कंपनी

वास्त्यांच्या लोणच्याची कंपनी काढायची ठरली, तेव्हा रविताला वाटलं, कठीण काम वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, किसण्याचं. नाव काय, लिहिलं की झालं. पण नावच अडून बसलं. पहिलं नाव दुसऱ्या एका कंपनीसारखं निघालं. मग तिची भागीदार खुशबू म्हणाली, "'प्रधानमंत्री लोणचे' ठेवून टाकू!" तेव्हा गोंदियाच्या सीए लोकेंद्रभाऊंनी हातच जोडले. "सरकारी वाटणारं नाव चालत नाही, बाई. मले जेलात टाकता का?"

शेवटी रवितानं बरणीवरची चिठ्ठीच पुढे सरकवली. 'शामकला'. धाब्यांवर लोणचं याच नावानं मागतात. तोंडानं ती बोलली नाही. सासूचं नाव सुना घेत नाहीत.

"ह्या कोण तुमच्या?" लोकेंद्रभाऊंनी विचारलं.

"सासू."

"म्हणजे तुम्हा दोघींच्या रक्ताच्या नाही. मंग त्यांची लेखी संमती पाहिजे."

रविताचे कान तापले. याच लोणच्यावरून ती कामठ्याचं सासरचं घर सोडून कोहमाऱ्याला आली होती. निघताना, रुख्माकाकूसकट सारा शेजार ऐकत असताना, सासूला म्हणाली होती, "तुमच्या हाताले आता चव नाही राहिली." आणि नाव मात्र त्याच हाताचं लावलं, न विचारता.

लेकराला कडेवर घेऊन ती कामठ्याला गेली. सासूनं आधी नातवाला उचललं, त्याचे पाय कुरवाळले, मग त्याला परत रविताच्या कडेवर देऊन कागद डोळ्यांजवळ धरला.

"कोणाचं नाव आहे हे?"

"तुमचं, माय."

"घे नं मंग."

रविताचा पदर डोक्यावर सरकला. तिनं कागदावरच्या नावावर बोट ठेवलं.

"बरणीवर लिवता आलं. तोंडात काऊन अडून राहिलं?" सासूनं कुंपणाकडे तोंड केलं. "ओ रुख्मा! ये वं. सून काही सांगून राहिली."

रुख्माकाकू ओल्या हातानंच आली. मागून आणखी दोघी. त्या दिवशीही ह्याच होत्या.

जमिनीकडे बघत रविता म्हणाली, "हे लोणचं शामकलाबाईच्या हातचं आहे. चव त्यांचीच. मी खोटं बोलली होती."

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आन पेन," सासू म्हणाली.

सासूचा पेन धरलेला हात थरथरत होता. लोणच्यात मीठ जास्त पडायचं ते या थरथरीनं. रविताला ते तेव्हाही दिसलं होतं, अंगणात बोलायच्या कितीतरी आधी. दिसूनही ती चवीचं बोलली होती.

कागद हलू लागला. पहिलं अक्षर वाकडं पडलं. रवितानं लेकराला खाली बसवलं आणि दोन्ही हातांनी कागद ओट्यावर दाबून धरला.

"घाई नका करू, माय."

"मले कायची घाई?" सासू म्हणाली, आणि दुसरं अक्षर काढू लागली.