क्लॅरिनेट वाजली की डावीकडे

वेलिकाचे पाय जन्मभर उजवीकडेच नाचले होते. वरच्या गावात होरो नाचाची साखळी उजवीकडे फिरते. गायदेच्या फुगलेल्या कातडी पिशवीतून सूर निघाला की उजवीकडे, आणि क्लॅरिनेट किंचाळली की त्याच वाटेने, पण दुप्पट वेगात. आणि तिच्या मुलाने, यासेनने, बायको शोधली ती नेमकी नदीपलीकडच्या खालच्या गावातली, जिथे क्लॅरिनेट वाजली की अख्खी साखळी गर्रकन डावीकडे वळते.

लग्न मुलीच्या दारी. तिथल्या चौकात होरो तिथल्याच रीतीने, आणि सगळ्यांच्या पुढे नवऱ्या मुलाची आई. उजव्या तळव्यावर कणकेच्या पक्ष्याने सजवलेला गोल पाव, डाव्या हातात सुनेचा हात. पाव पडला तर सासूचा शब्द घरात पडला, असं दोन्ही गावं मानतात. शिवाय खालच्या गावच्या बायका त्यावर गाणी रचतात, ती नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरतात.

म्हणून सगळा सप्टेंबर वेलिका स्वयंपाकघरात नाचली. प्लमचा मुरंबा चुलीवर रटरटत होता, पावाऐवजी हातात चाळणी होती, आणि तिचा धाकटा भाऊ मिन्चो मांडीवर ढोल घेऊन कोपऱ्यात बसला होता. गायदेसाठी तो नाकातून गुणगुणे, क्लॅरिनेटसाठी शीळ घाली. शीळ आली की वेलिका उजवीकडे उसळे आणि चाळणी मुरंब्यात. पुढच्या शिळेला मात्र ती मांजरीसारखी सावध, बरोबर डावीकडे. त्याच्या पुढच्यालाही डावीकडे. मग चेहऱ्यावर हसू यायचं, मान डोलायची, आणि चाळणी पुन्हा मुरंब्यात.

"ताई, तुझे पाय चुकले की जागे होतात," मिन्चो बोटाने चाळणीवरचा मुरंबा चाटत म्हणाला, "आणि बरोबर पडले की घोरायला लागतात."

हेच वाक्य त्याने लग्नाच्या सकाळी, राकियाचा दुसरा पेला रिचवून, भरल्या मेजावर सगळ्यांना ऐकवलं. वेलिकाने त्याला टेबलाखालून लाथ मारली, ती बिचाऱ्या पाद्रीबाबांना लागली. नवरी कालिना बनित्साचा तुकडा तोंडात धरून नुसती बघत राहिली. मुलगी मितभाषी. तिच्या मनात काय चाललंय, वेलिकाला अजून उमगलं नव्हतं.

मग मिन्चोचा ढोल घुमला आणि चौक भरला. पिकल्या प्लमचा वास, धूळ, ऊन, रंगीत झगे, सगळं एकमेकांत घुसळलं. गायदा सुरू झाली. वेलिका पाव उंच धरून उजवीकडे निघाली, तिच्यामागे कालिना, कालिनामागे अर्धं गाव. पहिली क्लॅरिनेट वाजली आणि सवयीचा पाय उजवीकडे उडाला. साखळी डावीकडे, वेलिका उजवीकडे, मधे तिचा हात दोरीसारखा ताणलेला. पाव तळव्यावर घसरला, बोटांच्या टोकावर डगमगला, कसाबसा थांबला. कालिनाची आत्या देन्का याचीच वाट बघत असावी. तिने लगेच सूर लावला:

*वरच्या गावची विहीण आली, पाय तिचे दगडाचे,*
*डावं म्हणता उजवं जाते, चाळे सगळे बोकडाचे.*

चौक खदखदला. वेलिकाच्या कानशिलात आग पेटली, पण पाय जागे झाले. दुसऱ्या क्लॅरिनेटला ती पिसासारखी डावीकडे वळली. तिसऱ्यालाही. आणि मग तेच. मन हलकं झालं, आकाश निळं दिसू लागलं, गायदा कुशीत घेऊन झुलवू लागली.

तेवढ्यात कालिनाने तिचा हात डावीकडे हिसडला. गायदा अजून वाजत होती, म्हणजे अजून उजवीकडेच जायचं होतं. वेलिका लटपटली, सावरली, चिडली. म्हणजे ही पोरगी आत्याला सामील आहे? चार माणसांत मला पाडणार? डोळे टक्क उघडले, आणि त्याच क्षणी क्लॅरिनेट किंचाळली. वेलिका डावीकडे गेली, कापूस जावा तशी.

पुढची वळणं साधली. पुन्हा मन सैलावलं, पुन्हा हिसडा, पुन्हा राग, आणि रागापाठोपाठ पुन्हा क्लॅरिनेट. या खेपेला वेलिकाने वळतावळता सुनेकडे पाहिलं. कालिना समोर बघत होती, ओठ घट्ट मिटलेले, पण हसू गालांतून फुटत होतं. ढोलामागून मिन्चो डोळे मिचकावत होता.

वेलिकाला एकदम सगळं कळलं. तिला इतकं हसू आलं की पावावरचा कणकेचा पक्षी थरथरला. आता ती हिसड्याची वाटच बघत नाचू लागली. चौक गरगरत होता, मिन्चोचा ढोल छातीत वाजत होता, आपण उजवीकडे चाललोय की ढगांत, हेच तिला कळेना.

शेवटची फेरी आली. वादकाने क्लॅरिनेट ओठांना लावली, पण हिसडा येईना. वेलिकाने पाहिलं तर सूनबाई साखळीच्या टोकाशी नाचणाऱ्या यासेनकडे बघत होत्या, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी, पाय आपोआप पडताहेत. स्वतःच्याच गावाची चाल म्हणून बेफिकीर, आणि मघापासून वेलिकाचा सगळा तोल तर तिच्याच हातावर. ही चुकली तर पाव गेलाच.

वेलिकाने तिला डावीकडे जोरात हिसडलं.

"अगं सूनबाई, मला जागं ठेवून तू कुठे झोपलीस?"

कालिना दचकली, खिदळली, आणि दोघी एका अंगाच्या असल्यासारख्या क्लॅरिनेटबरोबर डावीकडे वळल्या. ढोलाचा शेवटचा ठोका पडला तेव्हा पाव तळव्यावरच होता, पक्ष्याची चोच तेवढी मोडली होती.

देन्का पुढची ओळ जुळवत उभी होती. वेलिकाने तिला श्वास घेऊ दिला नाही. धापा टाकत, सुनेच्या खांद्यावर रेलून, तिने स्वतःच सूर धरला:

*डावी गेले, उजवी गेले, पाव तळव्यावरी,*
*चुकवून मला सावरणारी सून नेते घरी.*

मग तिने मोडलेली चोच उचलली आणि कालिनाच्या तोंडात घातली.